बंबाचे शेपूट

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या सात वर्षांच्या नातीला माझ्या लहानपणीचे, मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेले एक गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवत होतो. ती इंग्रजी शाळेत जाते. मराठी घडाघडा बोलते, पण जोडाक्षर दिसले की थबकते, म्हणून रात्रीचे वाचन माझ्याकडे असते. गोष्टीतला मुलगा पहाटे बंब पेटवायला उठतो आणि त्याला परसात कुजबुज ऐकू येते, इथवर आम्ही आलो आणि तिने विचारले, ‘‘बंब म्हणजे?’’

निवृत्त माणसाला असा प्रश्न विचारू नये. आंघोळीचे पाणी तापवायचे तांब्याचे ते उंच भांडे, त्याच्या पोटातून गेलेली नळी, नळीत टाकायचा बंबफोड, जाळीतून खाली पडणारी राख, पुढची तोटी आणि दिवाळीच्या आधी चिंचेने बंब घासताना होणारे हातांचे हाल, असे सगळे मी सांगत सुटलो. पाचएक मिनिटे तिने ऐकून घेतले आणि मग माझा दंड धरून म्हणाली, ‘‘आबा, ते राहू दे. परसात कोण होतं ते सांग.’’ परस म्हणजे काय, हे तिने विचारलेच नाही. अकराव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलीला परस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण कुजबुज ठाऊक होती आणि तेवढ्यावर तिचे भागले होते.

जग इतक्या झपाट्याने बदलत असताना जुनी पुस्तके मुलांना कळणार कशी, ही काळजी आमच्या घरात अधूनमधून व्यक्त होते. एकदा त्या काळजीला बळी पडून मी एक उद्योग करून पाहिला. एका गोष्टीत मामाला तार करण्यासाठी दोघे भाऊ भर पावसात तालुक्याच्या गावी चालत निघतात. तारसेवा आपल्याकडे २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली. तेव्हा वाचता वाचता मी तार काढून तिच्या जागी मोबाइलवरचा निरोप घातला. तो अर्थातच तत्क्षणी पोचला, मामाने उलट अंगठ्याचे चित्र पाठवले, आणि त्यामुळे ओढ्याला पूर येण्याचे, भावांनी देवळात रात्र काढण्याचे आणि अनोळखी गुराख्याने त्यांना आपल्यातली अर्धी भाकरी देण्याचे काही कारणच उरले नाही. बारा पाने शिल्लक होती आणि गोष्ट संपली होती. मी काहीतरी रचून वेळ मारून नेऊ लागलो, तेव्हा नात शांतपणे म्हणाली, ‘‘तू पुस्तकातलं वाचत नाहीयेस. तुझे डोळे पानावर नाहीत.’’ मुकाट्याने मागे जाऊन मी तार करायला निघालो.

वस्तू जुन्या झाल्याने गोष्ट जुनी होत नाही, असे तेव्हापासून माझे मत झाले आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आला, तेव्हा फुरसुंगी हे शहराबाहेरचे एक खेडे होते. आज पुणेकरांना ते नाव कचरा डेपोमुळे अधिक ठाऊक आहे. सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात आता सायकल चालवायची तर आधी विमा उतरवून घ्यावा, अशी स्थिती आहे. तरीही फास्टर फेणेने ‘ट्टॉक्’ केले की आमच्या घरात लगेच टाळ्याला जीभ लावून तसा आवाज काढला जातो, जेवताना आणि नको तेव्हाही. मुंबईच्या राणीच्या बागेचे अधिकृत नाव बदलून कितीतरी वर्षे झाली आणि २०१६ मध्ये तिथे पेंग्विनही येऊन राहिले. पण विंदा करंदीकरांनी १९६१ मध्ये ‘राणीची बाग’मधून प्राण्यांच्या ज्या खोड्या मांडल्या, त्यांना हसण्यासाठी नातीला ना भायखळा माहीत असावे लागते, ना बागेचा इतिहास.

मग जुने होते ते काय? माझ्या नातीपुरते सांगायचे, तर तिला लेखकाचे उगारलेले बोट लांबूनही दिसते. मराठीतल्या छापील बालवाङ्मयाच्या अगदी आरंभीच, १८२८ मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या नीतिकथा मराठीत आणल्या, आणि आमच्या पिढीने तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ हा शब्द औषधाच्या चमच्यासारखा घेतला. गोष्ट गोड लागली म्हणून चमचा चुकत नसे. नात मात्र ‘तात्पर्य’ हा शब्द आला की जांभई देते आणि कूस बदलते. याउलट, कुणी छापण्याच्या कितीतरी आधीपासून आज्या सांगत आल्या ती भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट पाहा. लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा, असे वाघाला तोंडभर आश्वासन देऊन ही बाई जाते, आणि परतताना भोपळ्यात बसून त्याच वाघाला ‘‘म्हातारी कोतारी मला नाही माहीत’’ असे ऐकवून ‘‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’’ करत निघून जाते. खोटे बोलू नये, या धड्याच्या इतके विरुद्ध जाणारे दुसरे काही आमच्या घरात सांगितले जात नसेल. ही गोष्ट आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होते.

एका बाबतीत मात्र मी जुन्याची वकिली करणार नाही. त्या बंबाच्या गोष्टीत कुजबुज ऐकून भाऊ चोरांच्या मागे धावतो आणि बहीण त्याच्यासाठी चहा ठेवते. ‘‘ती का नाही गेली?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. बंब समजावून सांगता येतो. हे सांगता येत नाही, आणि सांगण्याचा प्रयत्न केला तर आपणच लेखकाच्या बाजूचे ठरतो. काळ्या रंगावरून केलेले एक-दोन विनोदही मी त्या पुस्तकातून गिळून टाकले आहेत आणि त्या वेळी डोळे पानावरच ठेवले आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत घर, आईबाबा, आजी, रुसवे, सगळे रोजचेच असते. पण तिथे मुलाशी बोलताना कुणी उंचावरून वाकत नाही. ती वाचताना मला काहीच गिळावे लागत नाही, हा माझ्यासारख्या वाचून दाखवणाऱ्याला मोठाच दिलासा असतो.

बंबाचे प्रकरण मिटले असे मी समजत होतो. पण दोन दिवसांनी नातीने एक चित्र आणून दाखवले. नारिंगी रंगाचा, चार आखूड पायांचा, फुगलेल्या पोटाचा एक प्राणी न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा होता. तोंडातून लाकडे खात होता, डोक्यातून धूर सोडत होता आणि त्याला लांबलचक शेपूट होते. तोटी होती, आणि तीही अगदी योग्य जागी होती. तिच्या बाबाने लगेच मोबाइलवर खऱ्या बंबाचा फोटो शोधून तिच्यापुढे धरला. घासूनपुसून लख्ख केलेला, एखाद्या हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेला तो बंब तिने नीट न्याहाळला, मग आपल्या चित्राकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘हा दुसरा आहे. आबाचा रात्री लाकडं खातो.’’

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी पुस्तक उघडले आणि कालच्या पानावरची खूण शोधू लागलो.