हरणाऱ्या टीमने मोठा ट्रेड करावा का?

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, आपली टीम सलग हरायला लागली की आपण सगळे ओरडतो, ट्रेड करा, म्हणजे दुसऱ्या टीमशी देवाणघेवाण करून कुणीतरी मोठा स्टार आणा. मीही ओरडतो. पण मग मला ब्रुकलिन नेट्स आठवतात. २०१३ मध्ये त्यांनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले, दोघंही पस्तिशी ओलांडलेले स्टार, आणि बदल्यात २०१४, २०१६, २०१८ चे पहिल्या राउंडचे पिक (दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायची पाळी, हरणाऱ्या टीमला ती साधारण आधी मिळते) देऊन टाकले, वर २०१७ चा पिक अदलाबदल करायचा हक्कही दिला. मिळालं काय, तर प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, एक सिरीज जिंकली, बस. २०१५-१६ ला फक्त २१ मॅच जिंकल्या आणि त्या हालअपेष्टांचं फळ बॉस्टनला, त्या २०१६ च्या पिकवर जेलन ब्राउन! पुढे मोठा स्टार झालेला जेसन टेटमही त्याच व्यवहारातून आला.

आता कुणी म्हणेल, टोरांटोने २०१८ मध्ये ट्रेड करून स्टार कवाय लेनर्ड आणला, तो एकाच सीझननंतर गेला पण चॅम्पियनशिप मिळालीच ना. मिळाली, प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाविरुद्धचा त्याचा शेवटच्या क्षणाचा शॉट रिमवर चार वेळा उडून आत पडला तेव्हा मी अक्षरशः श्वास रोखून बसलो होतो. पण टोरांटो आधीच्या सीझनला ५९ मॅच जिंकलेली टीम होती हो, त्यांना एकच पायरी चढायची होती.

तळाशी असलेल्या टीमने तरुण पोरं आणि पिक अजिबात विकू नयेत असं माझं ठाम मत आहे. स्टार पंचविशीच्या आतला असेल आणि लांबचा करार असेल, तरच बोलणी करा.