विहीणबाईंचा सातबारा

आमच्या विहीणबाई व्हर्जिनियाच्या. लेकीच्या लग्नातच त्यांनी मला सांगितलं होतं, "आमच्या मूळपुरुषाला बापाने घराबाहेर काढलं होतं. मृत्युपत्रात त्याला ठेवला एक शिलिंग!" तीनशे वर्षांचा राग, पण सांगताना अगदी कालचा वाटावा असा. तो शिलिंग बघायला गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघीच निघालो.

आधी एक दिवस रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात काढला. वसाहतकाळातली जमिनीची पेटंटं, म्हणजे सनदाच, तिथे आहेत. समुद्रापलीकडून एक माणूस स्वखर्चाने आणा आणि पन्नास एकर घ्या, असा तेव्हाचा हिशोब. म्हणून सनदेत आणलेल्या माणसांची नावंही सापडतात. जॉर्ज मेनिफी या व्यापाऱ्याच्या १६३५च्या यादीत एक नोंद आहे: 'टोनी, ईस्ट इंडियन'. इकडे शिवाजी महाराज पाच वर्षांचे होते तेव्हा आपल्या बाजूचा कुणीतरी तिकडे पन्नास एकरांच्या हिशोबात धरला गेला होता. ना आडनाव, ना गाव. मी बराच वेळ त्याच पानावर अडकले.

दुसऱ्या दिवशी टॅपाहॅनकला रॅपाहॅनक नदीचा लांबलचक पूल ओलांडला. पलीकडे दोन्ही बाजूंना वाळलेलं सोयाबीन. क्षणभर आपण वाशिमकडे निघालोय असंच वाटलं.

आम्हाला जायचं होतं ती लँकेस्टर काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. तिचं नशीब चांगलं. यादवी युद्धात काही काउंट्यांनी आपली दप्तरं सुरक्षित राहतील म्हणून रिचमंडला पाठवली आणि १८६५च्या एप्रिलमधल्या आगीत ती तिथेच जळाली. लँकेस्टरची १६५२पासूनची आहेत.

मृत्युपत्र लवकर सापडलं. 'देवाच्या नावाने, आमेन' अशी सुरुवात, खाली तारीख ९ फेब्रुवारी १७१६/१७. हे असं जोडवर्ष का, तर तिथे १७५२पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. सहीच्या जागी नुसती एक वाकडी खूण. 'नि. डा. हा. अंगठा' बघत मोठी झालेली मी, मला ती लगेच ओळखीची वाटली. धाकट्याला जमीन, मुलींना गाय, गादी, पितळी किटली. आणि थोरल्याला एक शिलिंग.

"बघा!" विहीणबाई म्हणाल्या.

काउंटरवरच्या बाईंना मात्र नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "आधीची खरेदीखतं बघितलीत का? थोरल्याला अगोदरच दिलेलं असतं. शिलिंग लिहितात ते त्याला विसरलो नाही एवढं दाखवायला."

दुपारभर जाडजूड पुस्तकं उलटली. आठ वर्षं आधीचं बक्षीसपत्र मिळालं: 'माझ्या लाडक्या मुलास'. मग चतुःसीमा. खाडीकाठच्या पांढऱ्या ओकपासून इतके पोल, तिथून शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत इतके पोल. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ओक पडला की भांडण सुरू, आपल्याकडे बांध कोरल्यावर होतं तसंच. म्हणून दर चार वर्षांनी शेजारीपाजारी हद्दीवरून चालत जाऊन झाडांवरच्या खुणा ताज्या करायचे. हे आपल्याकडेही करायला हवं होतं, निदान आमच्या चुलत्यांनी तरी.

विहीणबाई खुशीत होत्या. बाप रागावलेला नव्हताच! उरलेल्या दोन ओळी त्या मोठ्याने वाचू लागल्या. जमिनीबरोबर मुलाला एक गुलाम मुलगी दिली होती. एकच नाव, पुढे काही नाही. "आणि तिची..." त्या थांबल्या. पुढचा शब्द मी वाचला. पैदास. तिला पुढे होतील ती मुलंही त्याचीच, कायमची.

विहीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. थोड्या वेळाने उचलली आणि घरून आणलेल्या वंशवृक्षाच्या समासात ते नाव लिहिलं. कुठल्या फांदीला जोडायचं ते त्यांना कळेना, मलाही.

ऑफिस बंद व्हायची वेळ झाली होती. परतीच्या वाटेवर शिलिंगाचा विषय निघाला नाही.