शिवाजी विद्यापीठाचा ओपन डे: शाळेत न जाणाऱ्या मुलांना घेऊन जाताना

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या ओपन डेला, म्हणजे प्रयोगशाळा सगळ्यांना बघायला खुल्या असतात त्या दिवशी, आम्ही घरी शिकणारी मुलं घेऊन गेलो. अशा मुलांना पुढं विद्यापीठात प्रवेश मिळतो का, या प्रश्नाला गेटबाहेरच्या मंडपात मिळालेलं पहिलंच उत्तर साफ चुकीचं होतं, म्हणून आधी तेच. "शाळेचा दाखला नाही? मग विद्यापीठ विसरा. आमच्याकडं नाव घाला, दहावी-बारावी आम्ही बसवून देतो." हे सांगणारा विद्यापीठाचा माणूस नव्हता, प्रवेशाचा धंदा करणारा एजंट होता. त्यानं सांगितलेला आकडा मुक्त विद्यालयाच्या फीच्या कितीतरी पट होता. अशा माणसाला पैसे तर देऊ नकाच, मुलाचा आधार नंबर आणि मोबाइल नंबरही देऊ नका.

खरं असं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचं मंडळ आहे. तिथली बारावी विद्यापीठ प्रवेशासाठी चालते. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, मध्ये कुणी लागत नाही. दहावीला वय किमान 14 पूर्ण, बारावीला 15 आणि हातात दहावी. विषय पाच, त्यात किमान एक भाषा. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के. प्रात्यक्षिक असलेल्या विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळं पास व्हावं लागतं. एकदा केलेली नोंदणी 5 वर्षं चालते, त्यामुळं सगळे विषय एकाच बैठकीत देण्याची सक्ती नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर.

इथंच बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. एप्रिल-मेची बैठक धरली तर निकाल, गुणपत्रिका आणि मायग्रेशन (मंडळ सोडल्याचा दाखला) हातात पडेपर्यंत कॉलेजच्या प्रवेश याद्या सुरू झालेल्या असतात. ज्या वर्षी प्रवेश हवा, त्याच्या आदल्या ऑक्टोबरात बारावी संपवा. म्हणजे सहा-सात महिने मोकळे मिळतात आणि एखादा विषय राहिला तर एप्रिलची संधी शिल्लक असते. दहावी आणि बारावी पूर्ण होण्यात दोन वर्षांचं अंतर लागतं. म्हणून हे गणित तेराव्या-चौदाव्या वर्षीच कागदावर मांडा, सतराव्या वर्षी नाही.

राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणं, हा दुसरा रस्ता. त्याची चौकशी मंडळाच्या कोल्हापूर विभागीय कार्यालयात करायची. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे या विभागाखाली येतात आणि कार्यालय विद्यापीठाच्या परिसरालगतच आहे. पण ओपन डे शनिवारी-रविवारी असला तर कचेरीची कामं होणार नाहीत. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शुक्रवार किंवा सोमवार जोडून घ्यावा. आम्ही जोडला नव्हता, दुसरी खेप पडली.

आता ओपन डेबद्दल कुणी आधी सांगत नाही ती गोष्ट. तिथं ज्या प्रयोगशाळा बघायला मिळतात त्या मुख्यतः एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या आहेत. विद्यापीठाच्या आवारातले बहुतेक अधिविभाग पदव्युत्तर आहेत. तंत्रज्ञान अधिविभागातल्या बी.टेक.सारखे थोडे अपवाद. बारावीनंतरची बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. या पदव्या तिन्ही जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत होतात. पंधरा वर्षांच्या मुलाला "तू इथं शिकणार" असं सांगून नेऊ नका, पदवीनंतरचं दार दाखवायला न्या. वैद्यकीयची चौकशी इथं करण्यात तर अर्थच नाही, ते बहुतेक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं.

प्राध्यापकांना विषयाचं विचारा, पात्रतेचं नको. पात्रतेचा प्रश्न प्रवेश किंवा पात्रता विभागाला लेखी द्या आणि उत्तरही लेखी घ्या. "होमस्कूलिंग चालतं का?" असं विचारलंत की समोरचा गोंधळतो आणि सावधपणे "नाही" म्हणतो, कारण होमस्कूलिंग नावाचं मंडळच नाही. असं विचारा: "बारावी एनआयओएसमधून, विषय अमुक. या अभ्यासक्रमाला बारावीला कोणते विषय सक्तीचे? मायग्रेशन कोणत्या तारखेपर्यंत? तोवर तात्पुरता प्रवेश मिळतो का?" प्रश्न असा नेमका असला की उत्तरही सरळ येतं.

कागदांचा एक खड्डा वेगळाच आहे. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात असते, आणि जातीचा दाखला काढताना तोच आधी मागतात. घरी शिकलेल्या मुलाकडं तो नसतो. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे दाखले आत्ताच शोधून ठेवा. जुन्या शाळेतून उतारा काढायला लागणारा वेळ धरूनच चला. जन्म दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि एनआयओएसच्या नोंदणीतलं नाव अक्षरशः एकच हवं. एका ठिकाणी वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी नाहीच, असं असलं की पुढं प्रत्येक खिडकीवर अडतं.

पोचण्याबद्दल. हायवेनं येणाऱ्या गाड्या तावडे हॉटेल या थांब्याला उतरवतात. तिथून रिक्षाला मीटर न टाकता जो आकडा सांगितला गेला, तो परतीच्या मीटरच्या दुपटीहून जास्त होता. मुलं, पिशव्या आणि ऊन बघून आकडा वाढतो. मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊन तिथून केएमटी (शहर बस) पकडणं शहाणपणाचं. रेल्वेनं आलात तर टर्मिनसही बसस्थानकाजवळच आहे. रिक्षाच करायची तर मीटर पडल्याशिवाय बसू नका.

आवार 853 एकरांचं आहे. याचा अर्थ नकाशावर कळत नाही, फेब्रुवारीअखेरीस दुपारी बारानंतर कळतो. मुख्य इमारतीपासून विज्ञानाचे अधिविभाग आणि तिथून भाषा भवन ही पायपीट डांबरी रस्त्यावर, बरीचशी उन्हात. मेसेजमध्ये "सगळं एकाच ठिकाणी" असं फिरत होतं, त्यावर विसंबू नका. दहा वर्षांखालचं मूल तिसऱ्या इमारतीनंतर बसकण मारतं. महाराजांच्या पुतळ्यासमोरचे फोटो परत निघताना काढा. सकाळी आधी सगळ्यात लांबचा अधिविभाग गाठा आणि गेटकडं सरकत या. माणशी लिटरभर पाणी, टोपी, आणि डब्यात धपाटे किंवा दशमी. कॅन्टीनच्या रांगेत गेलेला पाऊण तास हा प्रयोगशाळेतला पाऊण तास असतो.

भौतिकशास्त्रात सोडियम दिवा आणि स्पेक्ट्रोमीटर (उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र) मांडलेला असेल तर तिथं वेळ द्या. दिवा लावल्यावर आधी तांबूस दिसतो, दहाएक मिनिटांनी पिवळा होतो. त्याआधी बघून पुढं गेलात तर काहीच पाहिलं नाही. पिवळ्या रेषा दोन आहेत, 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर. गर्दीत यंत्रात उजेड येण्याची फट रुंद ठेवतात, त्यामुळं दोन्ही मिसळून एकच दिसते. फट अरुंद करून दुसऱ्या क्रमाची (म्हणजे आणखी बाजूला, जास्त फाकून दिसणारी) रेषा दाखवायची विनंती करा.

विज्ञान दिनाच्या बऱ्याच प्रदर्शनांत ऑलिव्ह तेलातून हिरवा लेझर सोडून लालसर उजेडाला रामन परिणाम (पदार्थातून विखुरताना उजेडाचा रंग बदलणं) म्हणतात. तो तेलातल्या हरितद्रव्याचा प्रतिदीप्तीचा, म्हणजे उजेड शोषून दुसऱ्या रंगात परत टाकलेला, उजेड असतो. खरा रामन प्रकाश इतका क्षीण असतो की कोटीभर प्रकाशकणांमागं जेमतेम एखादा. तो लेझरचा रंग अडवणाऱ्या गाळणीशिवाय नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मुलांना हे आधी सांगून न्या, मग बघा कसले प्रश्न विचारतात! आमच्या मते पूर्ण दिवसाचं चीज याच टेबलावर झालं.

वनस्पतिशास्त्राची बाग कंदीलपुष्पांच्या संग्रहासाठी नावाजलेली आहे, पण उन्हाळ्यात कंद झोपलेले असतात. फुलं पावसाळ्यात. फेब्रुवारीत कुंड्या बघून मुलं हिरमुसतात, म्हणून त्या दिवशी हर्बेरियम (वाळवून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह) मागा आणि बागेला ऑगस्टात वेगळी फेरी करा. वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आवारातच आहे, चालून पाय दुखले की तिथं जा.

घरचं कुणीतरी म्हणेलच, ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला, तिथं तुम्ही मुलं घरी ठेवता? प्रश्न रास्त आहे, टाळू नका. महाराजांना मूल शिकायला हवं होतं. घरी शिकवणाऱ्यानं तेवढंच कडक राहायला हवं, आणि म्हणूनच ही परीक्षा, हे कागद वेळेवर हवेत.

रविवारी टाऊन हॉलचं म्युझियम आणि रंकाळा. छान झालं.

सोमवारी कचेरीत जाताना सोबत: जन्म दाखल्याच्या तीन प्रती, आधार, रहिवासी पुरावा, सहा फोटो, आणि वर लिहिलेला प्रश्न दोन प्रतींत. एकीवर पोच घ्या.