एरंडवण्यातला उंबर

सोलापूरहून पुण्याला गेले ती मावसबहिणीच्या लग्नाला. लग्न छान झालं, मठ्ठा-जिलबी झकास होती. रविवारी सगळे सिंहगडावर गेलो. पिठलं-भाकरी मिळाली, पण पाय ठेवायला जागा नव्हती. रविवारी गडावर जाऊ नये, हे माझं ठाम मत झालंय. बाकी पुण्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ असेल, पण माझ्या मनातून जात नाहीये तो मावशीच्या सोसायटीतला उंबर.

एरंडवण्यातली जुनी तीन मजली सोसायटी. मागच्या भिंतीला लागून हे झाड, भोवती पार, पारावर दत्ताची तसबीर. वैशाखात बुंध्यापासून फांद्यांपर्यंत नुसता लगडलेला होता. खाली गाड्यांची रांग, आणि काचांवर फुटलेली उंबरं, बारीक किडे, वटवाघळांची शिट. सकाळी मी पारापाशी उभी होते, तर वरच्या मजल्यावरचे एक काका गाडी पुसता पुसता म्हणाले, "पुढच्या मीटिंगला ठराव आणतोय. दत्ताचं झाड, मुळासकट नको. पण फळं धरतात त्या फांद्या तरी जाऊ देत. घरभर किडे होतात हो."

मला राहवलं नाही. हाताशी आलेल्या फांदीवरचं एक उंबर तोडलं, नुकतं लालसर होऊ लागलेलं, अजून टणक, आणि तिथेच अंगठ्याने फोडून काकांपुढे धरलं. आतल्या भिंतीला बारीक बारीक फुलं दाटलेली. उंबराची फुलं बाहेर कधी दिसत नाहीत, सगळी आतच असतात. त्यांच्यातून काळसर, जेमतेम दोन मिलिमीटरच्या, चिलटांसारख्या किड्यांच्या माद्या बाहेर पडत होत्या, पंख झटकत माझ्या बोटावर चढत होत्या. मधेच एक पिवळट, बिनपंखी नर वळवळत होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी जवळून पाहिलं. "चावतात का?" एवढंच त्यांनी विचारलं. चावत नाहीत.

ही चिलटं दिसायला चिलटं, पण कुळ गांधीलमाशीचं. मादी कोवळ्या उंबराच्या तोंडाशी असलेल्या इवल्याशा फटीतून आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तिथेच तुटून पडतात. आत ती छातीवरच्या खिशांत भरून आणलेले परागकण फुलांवर घालते, काही फुलांत अंडी देते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडं पडलं तिथे पिल्लू वाढतं, बाकीच्यांत बी धरतं. आधी नर निघतात. माद्या फुलांतच असताना त्यांच्याशी मीलन होतं, मग नर उंबराला भोक पाडतात आणि संपतात. माद्या पराग भरून घेतात आणि त्या भोकातून उडून जातात.

आणि आता खरी गोष्ट. उडालेल्या मादीच्या हातात एखाद-दोन दिवस असतात. एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे तिला दुसरं झाड गाठावंच लागतं, तेही कोवळी उंबरं धरलेलं. तिला ते वासावरून कळतं. जगात वड-पिंपळ-उंबराच्या कुळातल्या साडेसातशेच्या आसपास जाती आहेत, आणि बहुतेक जातींची आपापली माशी ठरलेली आहे. उंबराची माशी वडाच्या उपयोगाची नाही. ही सोबत साडेसात-आठ कोटी वर्षांची आहे. म्हणजे एरंडवण्यातल्या या झाडाला पुण्यात आसपास दुसरे उंबर हवेत, वेगवेगळ्या वेळी फळणारे, बारा महिने. एकेक सोसायटी फांद्या छाटत गेली की ही साखळी कुठे तुटली ते कोणाला कळणारसुद्धा नाही.

बरं, सगळं गोडीगुलाबीचंही नाही. त्याच फांदीवर एक लांब शेपटीची माशी उंबराच्या पाठीवर बसून सुईसारखी नळी आत खुपसत होती. ती पराग आणत नाही, बाहेरूनच अंडी घालते आणि तिची पिल्लं आतल्यांच्या जिवावर वाढतात. हीच नळी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासली, तर केसाहून बारीक त्या नळीच्या टोकाला जस्त सापडलं. टणक उंबर भोसकायचं तर टोक झिजून कसं चालेल? झाडाच्या बाजूने मुंग्या फांदीभर फिरत असतात आणि त्या अशा माशांना हुसकावतात. एकाने कुलूप केलं की दुसऱ्याने किल्ली घडवायची, असं हे किती काळ चाललंय!

उंबर खायला कोकिळ येत होता. कोकिळ पहाटे चारपासून ओरडतो म्हणून मावशीची तक्रार, आणि ओरडणारा नर. मादी ठिपक्यांची. नर कावळ्यांना डिवचून दूर नेतो, तेवढ्यात ती घरट्यात अंडं घालते, कावळ्याच्या अंड्यासारखंच दिसणारं. पिल्लूही कावळ्याच्या पिल्लांच्या आधी बाहेर येतं. कावळ्याने पोसलेला हा पक्षी मोठेपणी उंबराच्या बिया गावभर टाकत फिरतो.

संध्याकाळी लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने वेताळ टेकडीवर गेले. हवा छान, फिरायला येणारे लोक मोकळ्या मनाचे. एका आजोबांनी न मागता पाणी दिलं. पण टेकडीवर ठिकठिकाणी गिरिपुष्प, आपल्याकडे ज्याला उंदीरमारीही म्हणतात ते. मध्य अमेरिकेतलं झाड. लवकर हिरवं होतं म्हणून लावलं गेलं. त्याला पक्ष्याने खावं असं गरदार फळ नाही, शेंग वाळून तडकते. त्याच्या सावलीत मी बराच वेळ उभी राहिले आणि मला वाईट वाटलं. झाडं लावताना त्यांची सोबत कोण, हे कोणी विचारलंच नसेल का?

जरा पुढे उघड्यावर रुई होती. पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी, प्लेन टायगर फुलपाखराची. ती पानाची मधली शीर आधी कुरतडते, विषारी चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचं पान खाते. जेवढं विष पोटात जातं तेवढं अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर विष नसताना हुबेहूब त्याच्यासारखी दिसते. पायवाटेच्या कडेची रुई लोक काठीने झोडपत जातात. कृपा करून झोडपू नका.

झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मावशीला सांगून ठेवलंय. गाड्या समोरच्या भिंतीला लावता येतील, तिथे जागा आहे. मीटिंग अजून व्हायचीय. पण त्या सकाळी काकांनी माझ्याकडून आणखी एक उंबर मागून घेतलं आणि नातवाला दाखवायला वर नेलं, त्यामुळे ठराव ते स्वतःच मागे घेतील अशी मला आशा आहे.