आयत्या वेळचे विषय

इंदूरमधल्या कुठल्याही मराठी संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस बघा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, हिशेब तपासनिसांची नेमणूक, आणि तळाशी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. भर दुपारी फलकापुढे उभं राहून वाचताना नजर अडते ती याच ओळीवर. खरी सभा तिथेच रंगते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक सोय: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल, तिला गणपूर्तीची अट नाही.

लोकसभेला एवढी चैन नाही. एक दशांश सदस्य हवेत, म्हणजे 55. कुणी मोजणीचा आग्रह धरला की घंटा वाजवायची, आणि तरी डोकी भरली नाहीत तर कामकाज थांबवायचं. बाकी थाट साधारण तोच. पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर जन्माने बडोद्याचे, सोळाव्या लोकसभेच्या अध्यक्ष आमच्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन. तेव्हा त्या सभागृहाच्या कार्यसूचीत इकडच्या मराठी माणसाने थोडं नाक खुपसलं तर चालावं.

ही दिवसाच्या कामांची सूची काढतात लोकसभेचे महासचिव. सरकारी कामाचा क्रम ठरतो तो अध्यक्ष आणि सभागृहनेते यांच्या विचाराने. पुढच्या आठवड्यात सरकार काय काय आणणार, हे संसदीय कामकाज मंत्री आदल्या आठवड्याच्या अखेरीस सांगतात. कुठल्या विधेयकाला किती तास, हे मात्र कामकाज सल्लागार समितीत ठरतं. सदस्य जास्तीत जास्त 15, अध्यक्षस्थानी स्वतः लोकसभाध्यक्ष. तिथून आलेले तास मग पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. विधेयकाला 4 तास मिळाले आणि पक्षाचे खासदार 5 असले, तर 543 च्या सभागृहात वाट्याला येतात सव्वादोन मिनिटं. त्यातलं अर्धं मिनिट 'माननीय अध्यक्ष महोदय' म्हणण्यात जातं, मग घंटी. लहान पक्षांचे लोक एवढ्या तावातावाने का बोलतात, याचं कोडं निदान मला तरी पडत नाही.

प्रश्नांचं गणितही असंच. मंत्रालयांचे 5 गट, प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार. प्रश्न किमान 15 दिवस आधी द्यायचा, आणि क्रम सोडतीने लागतो. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न दिवसाला 20. तासाभरात तोंडी उत्तरं होतात ती पहिल्या चार-सहांची. सतराव्या क्रमांकाच्या खासदाराने कितीही अभ्यास केलेला असो, त्याला छापील उत्तरच मिळायचं. राज्यसभेत 11 वाजताच गोंधळ सुरू होतो म्हणून 2014 मध्ये प्रश्नोत्तरांचा तास 12 वाजता नेला. गोंधळाने वेळ बदलून घेतली, एवढंच.

विधेयकाची रीत वाचायला सरळ आहे. मांडण्याची सूचना मंत्र्याने 7 दिवस आधी द्यायची, प्रती सदस्यांच्या हाती 2 दिवस आधी पडायच्या. घाईचं सबळ कारण मंत्र्याने लेखी दिलं, तर अध्यक्ष यात सूट देऊ शकतात, आणि तिथून पुरवणी कार्यसूची, म्हणजे ऐनवेळी काढलेली जादा यादी, नावाचं प्रकरण सुरू होतं. 5 ऑगस्ट 2019 ला जम्मू-काश्मीर पुनर्रचनेचं विधेयक राज्यसभेत असंच आलं. सभापती व्यंकय्या नायडूंनी आपल्या अधिकारात मुदतीची अट बाजूला ठेवली. महिला आरक्षणाचं तर काय सांगावं! विधेयक पहिल्यांदा मांडलं 1996 मध्ये. 2010 मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, पण लोकसभेच्या वाटेवर ते बसून राहिलं. 19 सप्टेंबर 2023 ला, नव्या इमारतीतल्या पहिल्याच दिवशी, नवं विधेयक पुरवणी सूचीतून अवतरलं, तेव्हा विरोधकांची तक्रार होती की प्रतच हातात नाही. दुसऱ्या दिवशी 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर. सत्तावीस वर्षं रेंगाळलेला विषय आला तो आयत्या वेळचा म्हणून!

उलट प्रकारही होतो. अनुदानाच्या मागण्यांसाठी, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या मंजुरीसाठी, दिवस ठरवून दिलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी चर्चा झालेल्या-न झालेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. 14 मार्च 2018 ला सगळा अर्थसंकल्पच गदारोळात, चर्चेविना असा पार पडला. त्याच दिवसांत अविश्वास ठरावाच्या नोटिसा आल्या होत्या. त्या दाखल करून घ्यायला 50 सदस्य उभे राहिलेले मोजावे लागतात, आणि अख्खं सभागृहच घोषणा देत उभं असेल तर मोजायचे कुणाला? ताईंनी तसं सांगितलं आणि ते अधिवेशन तसंच सरलं. ठराव चर्चेला आला तो 20 जुलैला.

राहता राहिला शुक्रवार. मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांना आणि ठरावांना शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, तेही आलटूनपालटून. नेमके त्याच दुपारी लोक मतदारसंघाच्या गाड्या-विमानं पकडायला निघालेले असतात. आजवर अशी 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. उरलेली लोकसभा विसर्जित झाली की बाद होतात. मग नव्या लोकसभेत तेच विधेयक, नवा क्रमांक, नवी सोडत, आणि पुन्हा शुक्रवार.