शेंडे खुडणारे पाहुणे

कोजागिरी झाली, की माझी मान आपोआप वर जाते. घरात यावर बरंच बोलून झालंय. पुण्यात ऑक्टोबरचं ऊन अजून चटके देत असतं, आणि मी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवरून उत्तरेकडे बघत उभा. लडाख, तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांवरून राजहंस निघाले असतील, एवढंच डोक्यात.

राजहंस म्हटलं की सरस्वतीजवळचा पांढराशुभ्र पक्षी आठवतो. हा तसा नाही. राखाडी अंग, आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. म्हणून जाणकार त्याला पट्टकादंब म्हणतात. हिमालय ओलांडताना हा ७००० मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. विरळ हवेतला प्राणवायूही त्याचं रक्त पटकन पकडतं. सिंहगडाच्या पायवाटेवर धाप लागून बसलो, की मला हटकून हे आठवतं.

एका वर्षी दम निघेना म्हणून दिवाळीआधीच भिगवण गाठलं. सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. कुंभारगावाला उजनीचं पाणी काठोकाठ भरलेलं. नावाडी माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघून हसला. "लई लवकर आलात, काका. पाणी हटल्याबिगर पाखरं टेकायची कुठं?"

बरोबरच होतं. मी आभाळ बघत होतो, आणि सगळा हिशेब पाण्याचा होता. धरण उतरायला लागलं की काठचा गाळ उघडा पडतो, त्यावर गाळपेर होते, हरभरा वीतभर वर येतो. मग पाहुण्यांचं पान वाढलेलं असतं.

डिसेंबरात पुन्हा गेलो. बाकी सगळे रोहित पक्ष्यांच्या मागे. (भिगवणला गुलाबी रंगापुढे राखाडीला कोण विचारतो?) मी काठावर बसलो, अर्थात उत्तरेकडे तोंड करून. उजाडायच्या सुमारास आँक् आँक् असा आवाज आला, तो पाठीमागून. रात्रभर शेतात चरून, पोटं भरून मंडळी पाण्यावर विसाव्याला निघालेली. वेडीवाकडी पाचर डोक्यावरून गेली, इतकी खालून की पंखांची फडफड ऐकू आली. दुर्बीण लावायचं राहूनच गेलं.

मागच्या वावरात एक बाबा रोपं निरखत होते. मी जरा बिचकतच विचारलं, "नुकसान करतात का हो?"

"शेंडे खुडायला बाया लावाव्या लागतात. हे फुकट खुडत्यात." थोडं थांबून म्हणाले, "पण कुठं थांबायचं, ते त्यांना कळत न्हाई."

निघताना त्यांनी कोवळ्या पाल्याची जुडी हातात दिली. बोटं आंबेनं चिकट झाली. संध्याकाळी घरी हरभऱ्याची भाजी झाली, लसणाची फोडणी देऊन. पक्षी बघायला जाऊन मी काहीतरी घेऊन आलोय, असं पहिल्यांदाच घडलं होतं. पुढच्या रविवारी जायचं का, हे त्या दिवशी बायकोनंच विचारलं.