बंद केल्याचं आठवतं

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बाबांनी हलवून उठवलं. "ऑटो काहून चालू ठेवला रे?"

हरभऱ्याला पाणी देणं सुरू आहे. आमच्या फीडरला, म्हणजे शेताच्या विजेच्या लाइनला, या आठवड्यात रात्रीची पाळी. स्टार्टरवर ऑटो लावलेला असला की लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. काल पाणी द्यायचंच नव्हतं, पाइपाचा जोड निखळला होता. ऑटो बंद करणं माझ्याकडे. मोटर रात्रभर चालली आणि पाणी धुऱ्यापलीकडे काकांच्या फुटलेल्या कपाशीत शिरलं. खालच्या बोंडांतला कापूस चिखलाला टेकला होता, हात लावला तर गाळासकट हातात आला.

"मी बंद केला होता, मला चांगलं आठवते," मी म्हणालो.

"ते तू रविवारचं सांगून राह्यला," बाबा म्हणाले.

खरंच होतं ते. खटक्याचा आवाज, हातातली बॅटरी, सगळं आठवत होतं, पण रविवारचं.

आणि शाळेत तिसऱ्या तासाला दहावीसमोर नेमकं हेच उभं. 'रिमेंबर'पुढे 'टू लॉक' कधी आणि 'लॉकिंग' कधी? दरवर्षी मी फळ्यावर तक्ता काढतो आणि दरवर्षी पोरं तो पाठ करून पेपरात उलटा लिहितात. आज तक्ता काढलाच नाही. सकाळची गोष्ट सांगितली. ऑटो बंद करायचं मला आठवलं नाही, ते 'टू'चं. बंद केल्याचं आठवत होतं, ते 'इंग'चं. 'करायचं' म्हणजे काम अजून पुढे आहे, 'केल्याचं' म्हणजे होऊन गेलेलं. 'फर्गेट'चंही तसंच. 'स्टॉप'ला एका पोरीनं स्वतःच उदाहरण दिलं: मास्तर बोलायला थांबले, मास्तर बोलायचे थांबले. दुसऱ्यावर वर्ग जरा जास्तच खूश झाला. 'ट्राय डूइंग' म्हणजे तर आपलं करून पाहणंच.

इंग्रजीतला हा 'टू' मुळात दिशा दाखवणारा. टू यवतमाळ, टू डू. आपण यवतमाळला जातो आणि करायला जातो. घरी बोलताना यवतमाळले, कराले. दोन्हीकडे तोच 'ले'. इतकी वर्षं शिकवतो आहे, पण हे आज खडू हातात असताना दिसलं. 'एन्जॉय', 'अव्हॉइड'ला मात्र 'इंग'च लागतं आणि 'होप', 'डिसाइड'ला 'टू'. तिथे सरळ पाठ करा म्हटलं.

पाठांतरावरून वाक्प्रचार निघाले. आपलं पाठ होतं ते तोंडात, इंग्रजांचं 'बाय हार्ट'. ऐकल्यासारखं वाटलं की त्यांच्याकडे घंटा वाजते, 'रिंग्ज अ बेल', हे सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आमाले तं घंटा आठवते." रागवायला हवं होतं. हसलो.

शाळा सुटल्यावर काकांकडे गेलो. तोंडात आलं, "काका, ध्यानातून गेलं." इंग्रजीतही अगदी असंच म्हणतात, 'इट स्लिप्ड माय माइंड'. गोष्टच निसटली, माणूस बाजूला. काका कापसाचं गाठोडं बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "गेलं कुठं बापू, आलं ना! पाणी आलं."

मग म्हणालो, "मी विसरलो." मराठीत आठवतं ते 'मला', विसरतो तो मात्र 'मी'. वेचणीची मजुरी मी देतो म्हटलं. काकांनी हो-नाही काहीच केलं नाही, चहा मात्र सांगितला.

आत्ता साडेनऊ. बाबांनी खाटेवरूनच विचारलं, "आज केला का बंद?"

केल्याचं आठवतं. बॅटरी घेऊन निघालो आहे, पाहून येतो.